दाखला हवाय, मॅडम

ऑगस्ट लागला की किनाऱ्यावरच्या आमच्या कॉलेजात मागचे बाक रिकामे होऊ लागतात. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी उठते, बोटी बाहेर पडतात, त्यांच्यासोबत काही मुलंही. म्हणून शिक्षक-पालक योजनेत (यात प्रत्येक शिक्षकाकडे काही मुलं सोपवलेली असतात) माझ्याकडे असलेला एस.वाय. बीएस्सीचा एक मुलगा दिसेनासा झाला, याचं नवल वाटलं नाही. तो उगवला तो कॉलेज सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज घेऊनच.

"बाबांचा हात विंचमध्ये सापडला, मॅडम. खलाशी उचल घेऊन दुसऱ्या बोटीवर गेला. आता मलाच जायला लागेल."

अर्जावर माझी सही लागत होती. मी त्याला बसवलं आणि पहिल्या वर्षाचा निकाल मागितला. दोन्ही सत्रं सुटलेली, एकही एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय, नाही. म्हणजे ४४ क्रेडिट (पूर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक) गाठीला. नव्या शिक्षण धोरणात पहिल्या वर्षानंतर थांबायचं झालं, तर आणखी ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करून प्रमाणपत्र घेता येतं आणि मिळवलेली क्रेडिट अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात ७ वर्षं राहतात. त्याला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. शिक्षक-पालक म्हणजे नोंदवहीत भेटींच्या तारखा भरणारा माणूस, असं समजतात ना, त्याची मला चीड येते ती इथे.

ही क्रेडिट डिजिलॉकर या सरकारी अ‍ॅपवर दिसतात, म्हणून मोबाइलवर ते उघडायला लावलं. खातं होतं, क्रेडिट एकही नाही. निकालाची नोंदच चढली नव्हती. हा मुलगा काही वर्षांनी परत शिकायला आला असता तर कुणाच्या दारात उभा राहिला असता? दोघं परीक्षा विभागात गेलो, लेखी अर्ज दिला. पोच त्याच्याकडेच ठेवायला सांगितली.

मग घरी फोन लावला. दुपारी लिलाव आटोपून त्याची आई आली, जेट्टीवरून तशीच.

"दिवाळीपर्यंत तो बोटीवर हवाच, मॅडम. मग नवा खलाशी बघू. पण त्याचं नाव काढू नका हो."

अडचण तीनेक महिन्यांची, आणि पोरगा पदवीच सोडायला निघालेला! आईला त्यानं दाखल्याचं सांगितलंही नव्हतं.

थिअरीच्या नोट्स मित्रांकडून मिळतात. प्रात्यक्षिकं बुडाली की बुडालीच, शिवाय ७५ टक्के हजेरीची अट. त्याची बोट पहाटे जाऊन संध्याकाळी परतते. आईनं तिथल्या तिथे भावाला फोन करून आठवड्याचे दोन दिवस मामेभावाला बोटीवर पाठवायचं ठरवलं. विभागप्रमुखांनी त्याची प्रात्यक्षिकांची बॅच बदलून त्याच दोन दिवसांवर आणली. एखादा विषय राहिलाच तर एटीकेटी आहे, तेवढ्यासाठी घाबरायचं नाही, हेही त्याला बजावलं.

दाखल्याचा अर्ज त्यानं परत नेला. हजेरीच्या सवलतीचा अर्ज वडिलांच्या दवाखान्याच्या कागदांसह प्राचार्यांकडे गेलाय, निर्णय यायचाय. मंगळवार-बुधवार तो प्रयोगशाळेत असतो.