जुवारीवरचा दुसरा हंगाम: लाल वही आणि संकष्टीची संध्याकाळ

ऑक्टोबरात हंगाम सुरू झाला तेव्हा आमच्या कॉलेजच्या रोइंगच्या चमूकडे एक जुनी कॉक्स्ड फोर (चार वल्हवणारे आणि सुकाणू धरणारी कॉक्स), दोन डबल (दोघांच्या बोटी), एक सिंगल (एकट्याची) आणि अकरा मुलंमुली होती. आता फेब्रुवारी उजाडला. बोटी तेवढ्याच आहेत, मुलं चौदा झाली आहेत. त्याशिवाय गोव्यात जुवारी नदीवर, दुर्भाटच्या धक्क्यावरच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेली एक लाल वही आली आहे, दुकानदार हिशेबाला वापरतात तसली, जाड पुठ्ठ्याची. त्या दिवसाचं पान भरल्याशिवाय बोट रॅकवरून उतरत नाही. कोण कुठल्या सीटवर, निघण्याची वेळ, परतायची वेळ, भरती किती वाजता, वारा कुठून, लाँचवर (सोबत जाणाऱ्या मोटरबोटीवर) कोण. परत आल्यावर समोर सही. सही नसेल तर बोट अजून पाण्यात आहे असं धरायचं आणि शोधायला निघायचं.

गेल्या हंगामात आमच्याकडे असं काही नव्हतं. नियम होते, पण ते छापील कागदावर होते आणि बहुतेक परदेशी पुस्तकांतून उतरवलेले. त्या पुस्तकांना सर्वात मोठी भीती थंड पाण्याची. माणूस पाण्यात पडला की गारठून हातपाय किती वेळात बधिर होतात यावर पानंच्या पानं. आमच्या जुवारीचं पाणी डिसेंबरातही कोमट असतं. इथे भीती निराळी: ओहोटीची ओढ, दुपारनंतरचा वारा, नांगरलेले मालवाहू बार्ज, ऊन. हे कुठल्या पुस्तकात मिळेना, म्हणून आम्ही ते वहीत लिहायला लागलो.

सुरुवात पाण्यापासूनच करतो, कारण दुर्भाट ते बोरीच्या पुलापर्यंतच्या आमच्या पट्ट्यात सगळं भरती-ओहोटीवर चालतं. नदीच्या मुखाशी, मुरगावला, उधाणाच्या दिवसांत दोन्हींत सुमारे दोन मीटरचा फरक पडतो. वर बोरीकडे जाताना पाण्याला वेळ लागतो, त्यामुळे मुरगावच्या तक्त्यातली वेळ आमच्या धक्क्यावर जशीच्या तशी लागू होत नाही. कोळ्यांचा जुना हिशेब सगळ्यांना माहीत असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास. हा हिशेब मुंबईकडचा. गोव्यात भरती मुंबईच्या आधी येते, पण नदीत आत यायला तिला पुन्हा वेळ लागतो. म्हणून आम्ही तक्ता बघतो, तिथीने ताडतो आणि शेवटी धक्क्याच्या पायऱ्यांवर रंगवलेल्या पट्ट्यांवरून प्रत्यक्ष वेळ वहीत टिपतो. चार महिन्यांच्या नोंदी झाल्या आहेत. नवीन चमू सुरू करणाऱ्यांना मी सर्वात आधी हेच करायला सांगेन. स्वतःच्या धक्क्याची वेळ स्वतः मोजा.

दुसरी गोष्ट बाराव्या भागाची. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत साधारण सहा तास जातात, पण पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं पाणी निघून जातं. हे मी फळ्यावर दहा वेळा शिकवलं होतं. तरी संकष्टीला चुकलो.

डिसेंबरातला रविवार होता. भरती तीनच्या सुमारास होऊन गेली होती. आम्ही साडेचारला दोन्ही डबल पाण्यात घातल्या. लाँचवर मी आणि तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा. धक्क्यावर गरी टाकून बसलेले एक आजोबा म्हणाले, "सर, आयज सुकतेक ओड खूब आसा, पळयात." (आज ओहोटीला ओढ खूप आहे, बघा.) मी मान हलवली. ओहोटी उलट असताना वर जायचं, परतीला पाणी साथ देईल, असा माझा विचार. तो हिशेब चूक नव्हता. दमलेल्या चमूला परतीला प्रवाह पाठीशी असणं केव्हाही चांगलं. पण वाऱ्याचा विचार मी केला नव्हता. दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा नदीतून वर वाहतो आणि ओहोटी खाली. दोघं समोरासमोर आले की पाणी आखूड, उभ्या लाटांनी फुटायला लागतं. तेवढाच वारा भरतीच्या वेळी असता तर नुसती शिरशिरी उठली असती.

साडेपाच, म्हणजे बरोबर तिसरा तास. पहिली डबल परतीला पुढे निघाली आणि मी तिच्यामागे लाँच नेली. दुसरी डबल बोरीच्या पुलाजवळ वळत होती. दोन बोटींत कितीतरी अंतर पडलं. एक लाँच आणि एकमेकींपासून लांब गेलेल्या दोन बोटी असतील तर त्यांतल्या एकीकडे लाँच नसतेच, हे मला त्या दिवशी कळलं. मागच्या डबलच्या पुढच्या टोकावरून लाट आत आली, मग दुसरी, मग एक वल्हं अडकलं आणि बोट कलंडली. दोन्ही मुली पाण्यात. एकीने किनारा बघितला. ओहोटीला चिखलाची कड उघडी पडते आणि पन्नास-साठ मीटरवर दिसणारा किनारा फार जवळचा वाटतो. ती निघालीच होती. दुसरीने तिचं मनगट धरलं आणि ओरडली, "बोट सोडू नको! सर येतात!" दोघी उलट्या बोटीवर पोट टाकून आडव्या झाल्या, हातात हात धरून, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला. मी लाँच वळवून पोचलो तेव्हा प्रवाहाने बोट चांगलीच खाली आणली होती. आणखी खाली, रासईच्या बाजूला, एक रिकामा बार्ज नांगरून ठेवलेला होता. नांगरलेल्या बार्जच्या नाकाखाली ओहोटी सगळं काही ओढून नेते. ते अंतर मी अजून विसरलेलो नाही.

दोघींना वर घेतल्यावर कळलं की किनाऱ्याकडे निघालेल्या मुलीचा संकष्टीचा उपास होता. सकाळपासून एक पेला दूध आणि चहा. चंद्रोदय व्हायला अजून बराच वेळ होता. तिचे ओठ सुकले होते, हात थरथरत होते. दुपारच्या उन्हात बोटी पुसताना ती पाणीसुद्धा प्यायली नव्हती. तिने सांगितलं नाही कारण मी विचारलं नव्हतं. आता वहीत एक रकाना आहे, ‘खाणं-पाणी’. उपास असेल त्या दिवशी धक्क्यावरचं काम, वही सांभाळणं, घड्याळ धरणं. कुणी त्यावर वाद घालत नाही, आणि कुणाला उपास सोडायलाही आम्ही सांगत नाही.

त्या आठवड्यात बोट पाण्यात गेली नाही. आम्ही शेडमध्ये बसून प्रत्येक बोट तपासली. त्या डबलच्या बुटांपाशी मी जे पाहिलं ते सविस्तर लिहितो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या बोटी अशाच दुसऱ्या हाताच्या असणार. रोइंगच्या बोटीत बूट पायपट्टीला स्क्रूने बसवलेले असतात, आणि टाच एका छोट्या दोरीने खाली बांधलेली असते. बोट उलटली आणि तुम्ही डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत पाय ओढलात की ती दोरी बुटाची टाच धरून ठेवते आणि पाय बुटातून सुटतो. दोरी नसेल तर पायाबरोबर बूटच वर येतो आणि पाय आतच राहतो. आमच्या डबलच्या चार बुटांपैकी दोन दोऱ्या कुजल्या होत्या. बोटाने ओढल्याबरोबर तुटल्या. एकीच्या जागी कुणीतरी लांबलचक सुतळी बांधली होती, म्हणजे नसल्यासारखीच. त्या संध्याकाळी दोघी सुटल्या कारण त्यांनी बुटाच्या पट्ट्या ढिल्या ठेवल्या होत्या. आता प्रत्येक बुटाला नायलॉनची नवी दोरी आहे, टाच दोन-तीन बोटं उचलली की ताणली जाईल इतकी आखूड. निघण्यापूर्वी प्रत्येकजण स्वतःची दोरी स्वतः ओढून दाखवतो. बुटाची पट्टी एका हाताने, एका झटक्यात सुटते की नाही तेही. त्याच फेरीत पुढच्या टोकावरचा रबरी चेंडू बघायचा (निदान चार सेंटिमीटरचा, घट्ट बसलेला, तो नसलेली बोट म्हणजे पाण्यावर धावणारा भाला), हवाबंद कप्प्यांची झाकणं लावायची आणि वल्ही धरून ठेवणारी गेट आवळायची.

फोरमध्ये आमची कॉक्स पुढच्या टोकाला आडवी झोपून सुकाणू धरते, फक्त डोकं बाहेर. तिच्यासाठी आपोआप फुगणारं लाइफजॅकेट आणायचा आग्रह एका पालकांनी धरला. त्यांचा हेतू चांगला होता, पण त्या अरुंद जागेत बोट उलटली आणि जॅकेट आपोआप फुगलं तर ती आतच अडकेल. तिला साधं फोमचं जॅकेट आहे, आणि त्यातून बाहेर पडायचा सराव ती दर महिन्याला करते.

उलटण्याचा सराव ही या हंगामातली सर्वात समाधानाची बाजू. तरणतलावात सिंगल नेली आणि एकेकाला मुद्दाम उलटवलं. आधी पोहण्याची चाचणी: रोइंगच्या कपड्यांत पन्नास मीटर, दोन मिनिटं जागच्या जागी तरंगणं, पाच मीटर पाण्याखालून. ती जमल्याशिवाय नदी नाही. चौदांतले तिघं अजून नापास आहेत आणि ते धक्क्यावरचा चमू सांभाळतात. त्यांतल्या एकाला फार वाईट वाटत होतं. त्याला मी दत्तू भोकनळची गोष्ट सांगितली: चांदवड तालुक्यातला मुलगा, पाण्याची भीती वाटणारा, सैन्यात जाऊन रोइंग शिकला आणि 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला सिंगल स्कलमध्ये तेरावा आला. आता आमचा तो मुलगा रोज संध्याकाळी पोहायला जातो. पहिल्या सरावात उलटल्यापासून दोघं बोटीवर आडवे होऊन एकमेकांचे हात धरेपर्यंत तीन मिनिटं लागत होती. गेल्या रविवारी सगळ्यांत हळू जोडीला सव्वा मिनिट लागलं.

बाकीचे नियम थोडक्यात. लाँच आणि सर्वात लांबची बोट यांत हाकेपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. पडलं तर पुढची बोट थांबते. लाँच चालवणाऱ्याच्या मांडीला किल कॉर्ड बांधलेली असते. तो पाण्यात पडला तर इंजिन तिथेच बंद. लाँचवर फेकायची दोरी, सुरी, वल्हं आणि पिण्याचं पाणी. गडगडाट ऐकू आला की परत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणी पाण्यात नाही. ऑक्टोबरात हे चार वेळा पाळावं लागलं. जानेवारीच्या सकाळी धुकं असतं. पलीकडच्या रासईच्या फेरीधक्क्यावरचा दिवा दिसेपर्यंत थांबायचं. फेरीला आणि बार्जला नेहमी वाट द्यायची, त्यांच्यापुढून कापून जायचं नाही. त्यांची लाट येताना दिसली की बोट लाटेला समांतर करायची, वल्ही पाण्यावर सपाट, आणि थांबायचं. लांब बोट लाटेला काटकोनात घेतली तर दोन्ही टोकं दोन लाटांवर टेकतात आणि मध्ये आधार राहत नाही. डबल-सिंगलमध्ये दर पाचव्या स्ट्रोकला मागे वळून बघायचं. हाताला फोड असेल तर टेप, आणि ताप आला तर डॉक्टरांना नदीत असतो हे आधी सांगायचं, कारण इकडे लेप्टो (दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) होतो.

खाजन शेतांच्या (नदीकाठच्या, बांध घातलेल्या खारट जमिनीतल्या शेतांच्या) मानशींपासून, म्हणजे पाण्याच्या दारांपासून, मात्र मुलांना मी हात धरून लांब ठेवतो. ओहोटी लागली की आतलं पाणी मानशीच्या लाकडी दारांतून जोरात बाहेर पडतं, आणि बांधाच्या कडेने निवांत वल्हवणारी सिंगल त्या झोताला आडवी सापडते. तिथे जाळ्यांचे खुंटही असतात. बांधापासून तीन बोटींची लांबी, असा आमचा नियम.

मगरींबद्दल सगळेच विचारतात. कुंभारजुवे कालव्यात त्या आहेत, हिवाळ्यात ओहोटीला चिखलावर ऊन खात पडतात. आम्ही त्या बाजूला जात नाही आणि उघड्या चिखलावर कुणी उतरत नाही. आमच्या चमूतल्या दोन दुर्भाटच्या मुलींना याचं अप्रूप नाही. गेल्या महिन्यात पौष अमावास्येला त्यांच्या घरच्यांनी खाजनाच्या कडेला मातीची मगर थापून तिची पूजा केली, माणगें थापणी. त्या दिवशी सरावाला त्या येणार नव्हत्या आणि ते वहीत आधीच लिहिलेलं होतं.

2023 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत शापोरा नदीवर रोइंगच्या शर्यती झाल्या, त्या बघून आमच्यातले तिघं या खेळात आले. त्यांना वेग हवा आहे, आणि तो येतोही आहे. फोरची लय जानेवारीत पहिल्यांदा बसली. दहा-बारा स्ट्रोक चारही वल्ही एकाच आवाजात पाण्यात गेली आणि कॉक्सने हळूच "बरं झालं" म्हटलं. पण "ईझी ऑल" म्हटल्यावर चारही जण त्याच क्षणी थांबतात, याचा आनंद मला त्याहून मोठा आहे. ऑक्टोबरात हाक दिल्यावर तिसऱ्या सीटवरचा मुलगा आणखी दोन स्ट्रोक मारायचा.

येत्या गुरुवारी पुन्हा संकष्टी आहे. भरती तीनच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळी तोच तिसरा तास आणि तोच वारा. वहीत त्या दिवसाचं पान आधीच भरलं आहे: बोटी रॅकवर, शेडमध्ये एर्गोमीटरचा (जमिनीवरच्या वल्हवण्याच्या यंत्राचा) सराव, सिंगलच्या टाचेच्या दोऱ्या बदलायच्या. खाली दोन सह्या आहेत. एक तिची, जी किनाऱ्याकडे निघाली होती, आणि दुसरी जिने तिचं मनगट धरलं होतं.