झाडपाल्याचं औषध आणि डीएनए

आमच्या सोलापुरात कुणाला कॅन्सर झाला की चार जण घरी येऊन सांगणारच, केमो नको, झाडपाला घ्या, साईड इफेक्ट नाय. सात रस्त्याच्या एका काकूंना मी म्हटलं, अहो काकू, काकांना सलाईनमधून ते फिकट पिवळं केमोचं औषध, इरिनोटेकॅन, देतायत ना, त्याचं मूळ पण झाडातच आहे!

१९६६ मध्ये वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचं रसायन काढलं, त्यापासूनच पुढे इरिनोटेकॅन बनलं. हे मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे बरं का. आपल्या पेशीत टोपोआयसोमरेज नावाचं एन्झाइम डीएनएचा पीळ सोडवायला एक धागा कापतं आणि परत जोडतं, हे औषध त्याला कापलेल्या जागीच अडकवतं, जोडूच देत नाही, मग डीएनएची कॉपी करणारी यंत्रणा त्यावर येऊन आदळते आणि दोन्ही धागे तुटतात, दुरुस्ती जमली नाही की पेशी खलास. चांगल्या पेशींनाही झळ बसतेच, म्हणून तर जुलाब, केस गळणं.

हेच कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात पण आहे, फुलांना घाण वास येतो, तरी लाकडासाठी चोरून एवढा तोडला की झाड धोक्यात आलंय. त्याचा काढा मात्र कुणी करू नका, जिवावर बेतेल.