मारुती ८०० चं हेड उतरवलं: सील बदलली, व्हॉल्व घासले

गाडी कार्बोरेटरवालीच आहे, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व. रात्रभर उभी राहिली की सकाळी स्टार्टला निळा धूर, दोनेक मिनिटात गायब. आंबा घाट उतरताना एक्सिलेटर सोडून गिअरवर आणली आणि खाली आल्यावर परत पाय दिला की मागे एक भपका. चढाला फुल लोडवर मात्र काहीच नाही. ज्याला दाखवली तो म्हणाला इंजिन बांधायला लागतंय, रिंगा गेल्या, बोअर करून घ्या.

आता रिंगा गेल्या असत्या तर चढावर ओढताना धूर दिसला असता ना. एक्सिलेटर सोडल्यावर मॅनिफोल्डमधे (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्यूम वाढतो आणि तो इनलेट व्हॉल्वच्या गाईडमधून (व्हॉल्वची दांडी ज्या नळीत वरखाली होते ती) ऑइल खाली खेचतो, आणि रात्री हेडमधलं, म्हणजे व्हॉल्व असलेल्या इंजिनच्या वरच्या भागातलं, ऑइल तिथूनच निवांत झिरपत बसतं. म्हणजे गाईडच्या तोंडावर ऑइल अडवणारी रबरी सीलच गेलेली. तरी कॉम्प्रेशन घेतलं, १ आणि ३ ला १६५ पीएसआयच्या आसपास, २ ला १३०. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत घेतलं तरी २ नंबर जागचा हलला नाही, रिंगेचं दुखणं असतं तर ऑइलने आकडा चढला असता. टॅपेट (व्हॉल्वच्या टोकावर ठेवायची बारीक फट) टाईट नाहीत हेही आधी बघितलं, कारण टाईट टॅपेट असला की व्हॉल्व नीट बसत नाही आणि कॉम्प्रेशन उगाच कमी दिसतं. म्हणजे सील बदलायचीच होती, त्यात २ नंबरचा व्हॉल्व पण लीक, मग हेड खाली.

उतरवण्याबद्दल फार लिहीत नाही, इंजिन पूर्ण गार पाहिजे, टायमिंगच्या मार्का जुळवून मग बेल्ट काढायचा आणि हेडचे बोल्ट कडेकडून आत थोडे थोडे ढिले करत यायचं, एकदम एक बोल्ट पूर्ण काढायचा नाही, अल्युमिनियमचं हेड आहे, वाकायला वेळ लागत नाही. हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली ०.०५ मिमीचा फिलर (पातळ पत्रा) घालून बघितलं, कुठंच शिरला नाही, म्हणजे हेड वाकलेलं नाही, त्यामुळे उद्यमनगरला फेसिंगला (मशीनवर सपाट करायला) न्यायचा खर्च वाचला. व्हॉल्व काढताना पुठ्ठ्याला सहा भोकं पाडून नंबर टाकून त्यात खोचून ठेवले, जो व्हॉल्व ज्या सीटवरचा (हेडमधली व्हॉल्व टेकतो ती कडी) तो तिथंच परत गेला पाहिजे. जुनी सील हातात घेतली तर पार प्लॅस्टिक झालेली, दाबल्यावर एक तर कडकन मोडलं. नवी घेताना व्हायटॉनची मागा, साधं रबर उष्णतेने लवकर कडक होतं. गाईडमधे व्हॉल्व थोडा वर उचलून हलवून बघा, तिथं जास्त खेळ असेल तर नवी सील पण फार दिवस टिकत नाहीत, माझे गाईड ठीक होते.

आता घासायचं, म्हणजे व्हॉल्व आपल्या सीटवर पेस्टने घासून घट्ट बसवायचा. आधी व्हॉल्वचा कार्बन पूर्ण काढला, नाहीतर व्हॉल्व फिरवायच्या काठीचा रबरी कप धरतच नाही, एक थेंब पाणी लावलं की पकडतो. पेस्ट फक्त फेसवर (सीटला टेकणाऱ्या कडेवर) तीनचार ठिपके, स्टेमला, म्हणजे दांडीला, अजिबात लागता कामा नये, गाईड खाऊन टाकते ती. दोन्ही तळव्यांत काठी धरून रवी घुसळल्यासारखी पुढं मागं, मधेमधे उचलून पाव फेरा फिरवून परत. हे काम खरं म्हणजे कानाने करायचं असतं. सुरुवातीला खर्रर्र असा वाळूचा आवाज येतो, मग तो मऊ होत जातो, मऊ झाला की पेस्ट मेली, पुसायची आणि नवी लावायची, मेलेल्या पेस्टवर तासभर घासलं तरी काही होत नाही. ड्रिलला लावून फिरवणारे बघितलेत, मला पटत नाही, एकाच दिशेने गोल चरे पडतात आणि हाताला काहीच कळत नाही.

पाच व्हॉल्व फाईन पेस्टवरच आले, सगळीकडे एकसारखी राखाडी अंगठी. २ नंबरचा एक्झॉस्ट मात्र त्रास देत होता, सीटवर एका बाजूला बारीक खड्डे, राखाडी पट्ट्यात तेवढेच काळे ठिपके राहायचे. त्याला आधी कोर्स, मग फाईन. पेन्सिलने फेसवर आडव्या रेघा मारून कोरडाच पाव फेरा फिरवून बघितला, शेवटी सगळ्या रेघा पुसल्या गेल्या. पट्टा साधारण दीड मिमी भरला, याच्यापुढं गेलो नाही. खड्डे खोल असते तर सीट कटिंगला दिलं असतं, घासत बसून व्हॉल्वलाच खाच पाडण्यात अर्थ नाही. (आमच्यात अजून कोणीतरी म्हणतंच की शिसं नसलेल्या पेट्रोलने जुन्या गाड्यांच्या सीट जातात. देशभर शिसंवालं पेट्रोल २००० मधे बंद झालं, आणि या हेडला सीट मुळातच कडक धातूच्या वेगळ्या बसवलेल्या आहेत, त्याची काळजी नको.)

नवी सील व्हॉल्व घासून झाल्यावरच बसवायची, आधी नाही. हेड डिझेलने धुतलं, रॉकेल आता मिळतंय कुठं, मग साबणपाणी, मग हवा मारली, गाईडमधून कापडाची चिंधी ओढली ती स्वच्छ येईपर्यंत. गाईडवर ऑइल लावून सील १० च्या सॉकेटने हाताने दाबून बसवली, आणि व्हॉल्व घालताना टोकावर पातळ प्लॅस्टिक गुंडाळलं, कारण कॉटरच्या (व्हॉल्वला स्प्रिंग अडकवून ठेवणाऱ्या तुकड्यांच्या) खाचेची धार नव्या सीलची कड कापते. स्प्रिंगचे जवळजवळचे वेढे हेडकडे. कॉटर बसवायला स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला ग्रीस, नाहीतर ते इवलेसे तुकडे उडून कुठं जातील देव जाणे. मग कॉटर पक्के बसावेत म्हणून प्रत्येक स्टेमवर प्लॅस्टिकच्या हातोडीने एक टिचकी.

व्हॉल्व लीक आहेत का बघायला हेड उलटं करून, प्लग लावून, तिन्ही चेंबर डिझेलने भरून ठेवले. जेवून आलो तरी पोर्ट कोरडे, २ नंबरचा पण.

नवं पॅकिंग टाकून गाडी बांधली, टॅपेट सेट केले, आता २ नंबर १६० दाखवतोय. सकाळचा धूर गेला. सायलेन्सरमधे साठलेलं ऑइल पहिल्या दिवशी थोडं जळलं, त्याला घाबरू नका. थोडी चालवून टॅपेट एकदा परत बघणार, आणि डिपस्टिकवर लक्ष आहेच. नंतर कार्बोरेटर, किट आणून ठेवलंय.