रिपोर्ट नॉर्मल, तरी भांग रुंदावत होता

केस मुठीने गळत नव्हते. कंगव्यात नेहमीइतकेच निघायचे. पण भांग रुंद होत चालला होता आणि पोनीटेलला रबरबँडचा एक वेढा जास्त बसायला लागला होता. घरचे म्हणायचे, टेन्शन घेऊ नकोस, तेल लाव.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी सुरुवातच पाळीपासून केली. नियमित येते का, हनुवटीवर राठ केस येतात का, मुरुमं किती, आई-मावशीचे केस कसे आहेत. अनियमित पाळी, राठ केस, मुरुमं या अँड्रोजन, म्हणजे पुरुषी हार्मोन, वाढल्याच्या खुणा. त्या असल्या की पीसीओएसचा, म्हणजे अंडाशयाशी संबंधित हार्मोनच्या विकाराचा, विचार करतात. मला त्यातलं काही नव्हतं, तरी त्यांनी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि टेस्टोस्टेरॉन (मुख्य अँड्रोजन) तपासायला सांगितलं. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र तपासणीआधी काही दिवस बंद ठेवायला लावल्या, कारण त्यांच्यामुळे थायरॉइडचे आकडे चुकू शकतात. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्या प्रत्येकीला हे माहीत असायला हवं.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. माझी खरी घालमेल तिथून सुरू झाली. बाई तर याला हार्मोनशी जोडलेला विरळपणा म्हणत होत्या. हार्मोन ठीक आहेत, तर हा हार्मोनचा प्रकार कसा?

बाईंनी डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग, डोक्याला लावून स्क्रीन माझ्याकडे वळवला. भांगाजवळ जाड केसांच्या शेजारी अगदी तलम, आखूड केस होते. जिथून दोन-तीन केस एकत्र यायला हवेत, तिथून एकच आला होता. मग डोक्याच्या मागचा भाग दाखवला. तिथे सगळे केस सारख्याच जाडीचे. रक्त तेच, हार्मोन तेच. फरक केसांच्या मुळांच्या हार्मोनबद्दलच्या संवेदनशीलतेत होता, आणि ती बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. अशा विरळपणात बहुतेक बायकांचे रक्तातले आकडे नॉर्मलच असतात, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

5-अल्फा रिडक्टेज नावाचं एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी, म्हणजे त्याहून प्रभावी अँड्रोजन, बनवतं. संवेदनशील मुळाला ते चिकटलं की केसाचा वाढीचा काळ, जो एरवी काही वर्षांचा असतो, आखडत जातो आणि दर खेपेला येणारा केस आधीपेक्षा बारीक येतो. 1942 साली जेम्स हॅमिल्टन यांनी नोंदवलं होतं की वयात येण्याआधी वृषण गमावलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, पण टेस्टोस्टेरॉन दिलं की ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांना ते पडू लागतं. पुरुषांमध्ये अँड्रोजनची भूमिका इतकी स्पष्ट आहे. बायकांमध्ये चित्र तितकं सरळ नाही.

उपचाराची सुरुवात मिनॉक्सिडिलने झाली. मुळात हे ब्लडप्रेशरचं औषध. ते हार्मोनला हात लावत नाही, केसांचा वाढीचा काळ लांबवतं. सुरुवातीच्या आठवड्यांत केस उलट जास्त गळले. आधी सांगितलेलं असूनही नहाणीत हातात आलेला पुंजका बघून रडू आलं. विश्रांतीत असलेले जुने केस नव्यांना जागा देत गळतात, म्हणून तेव्हाच औषध सोडायचं नसतं. निकाल कळायला सहा महिने तरी लागतात, आणि थांबवलं तर मिळालेला फायदा हळूहळू जातो.

नंतर स्पिरोनोलॅक्टोन जोडलं. ते अँड्रोजनला मुळाशी चिकटू देत नाही. गरोदरपणात ते चालत नाही, पुरुष गर्भाला धोका असतो. म्हणून गर्भनिरोधनाबद्दल स्पष्ट बोलणं झालं. ब्लडप्रेशर आणि पोटॅशियमवरही लक्ष ठेवावं लागतं.

भाऊ फिनास्टेराइड, म्हणजे डीएचटी बनणं कमी करणारी गोळी, 1 मिलिग्रॅम घेतो. अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी त्याला 1997 साली मान्यता मिळाली. काही जणांची कामेच्छा त्याने कमी होते, मन उदास होऊ शकतं; हे त्याने डॉक्टरांना संकोच न करता विचारावं म्हणून मी त्याच्या मागेच लागले. प्रोस्टेटच्या पीएसए या रक्ततपासणीचा आकडाही या गोळीने निम्म्यावर येतो, तेव्हा तिथेही सांगायचं. गर्भवती बाईने या गोळीचा तुकडा किंवा चुरा हाताळू नये.

भांगाचा फोटो मी दर तीन महिन्यांनी त्याच खिडकीत, कोरड्या केसांनी काढते. आरशापेक्षा त्यावर माझा जास्त विश्वास आहे. शेवटच्या दोन फोटोंत रुंदी वाढलेली नाही, पुढच्या बाजूला बारीक नवे केस दिसतात. बाईंनी दोन्ही औषधं चालू ठेवायला सांगितली आहेत.