तुम्ही विचारलंत म्हणून: जीपीएस असताना रुबिडियम कशाला?

शॅकमध्ये, म्हणजे माझ्या रेडिओच्या खोलीत, आलेला प्रत्येक हॅम (हौशी रेडिओवाला) रुबिडियम अणुघड्याळाच्या डब्याकडे बोट दाखवून हेच विचारतो की जीपीएसवरचा रेफरन्स (अचूक फ्रिक्वेन्सीचा स्रोत) स्वस्तात मिळतो तर हा कुटाणा कशाला, आणि नातेवाईक विचारतात की अणुघड्याळ आहे ना, मग काटे कुठायत. काटे नाहीत. त्यातून फक्त 10 मेगाहर्ट्झ निघतात, पण एकदम ठाम.

गरज का पडते ते सांगतो. हॅम लोकांचे सिग्नल परत खाली पाठवणारा क्यूओ-100 उपग्रह 25.9 अंश पूर्वेला बसलाय, पुण्यात पश्चिमेच्या बाल्कनीत डिश लावली की मस्त ऐकू येतो, डाउनलिंक (खाली येणारा सिग्नल) 10489 मेगाहर्ट्झच्या वर. तो खाली उतरवायला डिशसमोरच्या एलएनबीतल्या 25 मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून आत 390 पट करून 9750 बनवतात, म्हणजे क्रिस्टल 25 हर्ट्झ सरकला की वर जवळजवळ 10 किलोहर्ट्झचा घोळ, आणि एसएसबीचा, म्हणजे बोलण्याचा, सिग्नल जेमतेम पावणेतीन किलोहर्ट्झ रुंद! दुपारचं ऊन एलएनबीवर आलं की समोरचा माणूस बोलता बोलता गायब. म्हणून तो क्रिस्टल काढायचा आणि रुबिडियमच्या 10 वरून छोट्या पीएलएल बोर्डाने (एका फ्रिक्वेन्सीवरून दुसरी बनवणाऱ्या) 25 बनवून वर एलएनबीला पाठवायचे.

माझ्याकडे एलपीआरओ-101 आहे, टेलिकॉमच्या भंगारातून निघालेला. आत रुबिडियमचा दिवा असतो, त्याचा उजेड रुबिडियमच्याच वाफेतून जातो, आणि मायक्रोवेव्ह 6834.68 मेगाहर्ट्झवर बरोब्बर जुळली की उजेड किंचित मंदावतो, त्या मंदावण्यावर डब्यातल्या क्रिस्टलला धरून ठेवायचं (हाच लॉक), झालं. ऐकायला भारी वाटतं, पण आपल्याला त्यातलं काहीच करायचं नसतं, आपली सगळी मारामारी उष्णता आणि सप्लायशी. 24 व्होल्ट लागतात, गरम होताना दीड अँपिअरच्या वर खेचतो, मग अर्ध्या अँपिअरवर येतो, आणि बूड तापतं म्हणून जाड अ‍ॅल्युमिनियमचं हीटसिंक हवंच. स्वस्त एसएमपीएस (स्विचिंग सप्लाय) लावला तर त्याची किरकिर थेट सिग्नलवर दिसते, मी साधा ट्रान्सफॉर्मरवाला लिनिअर सप्लाय वापरतो. लाइट गेली की लॉक गेला, परत यायला काही मिनिटं, म्हणून दोन 12 व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये.

बाजूला एक पॉट (फिरवायचा छोटा स्क्रू) असतो, त्याने आतलं चुंबकीय क्षेत्र बदलून फ्रिक्वेन्सी केसभर हलवता येते. तो फ्रिक्वेन्सी काउंटर बघून फिरवू नका, काउंटरचा स्वतःचा क्रिस्टल याच्यापेक्षा ढिला असतो. स्कोप (लाटा दाखवणारा ऑसिलोस्कोप) जीपीएसच्या 10 मेगाहर्ट्झवर ट्रिगर करा, दुसऱ्या चॅनेलवर रुबिडियम, आणि चहा घेऊन बसा, एक पूर्ण लाट सरकायला 1000 सेकंद लागले तर फरक हजार कोटींत एक, म्हणजे 10 गिगाहर्ट्झवर 1 हर्ट्झ. अजून काय पाहिजे!

म्हणजे जुळवायला जीपीएस लागतोच, नाही म्हणत नाही. पण माझ्या घराच्या पूर्वेला बिल्डिंग आहे, अर्धं आकाश झाकलेलं, तिथे जीपीएस अँटेना सारखी रुसते. रुबिडियम एकदा मित्राच्या गच्चीवर जुळवून आणला की त्याला आकाशाची गरज नाही, डोंगरावर पोर्टेबल न्यायलाही बरा. तुमची गच्ची मोकळी असेल तर सरळ जीपीएसवाला घ्या. नुसतं ऐकायचं असेल तर तोही नको, उपग्रहाच्या बीकनला (त्याच्या ठरलेल्या खुणेच्या सिग्नलला) लॉक करणारं सॉफ्टवेअर आहे की.

आणि रुबिडियम घेणारच असाल तर विकणाऱ्याकडून दिव्याच्या व्होल्टेजचं रीडिंग आधी मागा, बाकी बरंच दुरुस्त होतं, दिवा सहसा नाही.