फाळक्याला टांगलेला साबण

माझ्या पहिल्या वारीत मी फलटणच्या मुक्कामी तापाने आडवी झाले. लोणंदलाच घसा धरला होता आणि नाक वाहू लागले होते, पण ठाण्याच्या माणसाला पावसाळ्यात पडसे होणारच, अशी माझी समजूत असल्यामुळे मी तिकडे लक्ष दिले नाही. मी नेहमीप्रमाणे हरिपाठाला बसले, दिंडीच्या एकाच तांब्यातून सगळ्यांबरोबर पाणी प्यायले, पंगतीत चतकोर भाकरी मोडून शेजारणीच्या ताटात ठेवली आणि रात्री वीस बायकांच्या तंबूत मध्यभागी झोपून सकाळपर्यंत खोकत राहिले. माळशिरस येईपर्यंत आमच्यातल्या सात जणी खोकू लागल्या होत्या. त्यांत कोपरीच्या मावशी होत्या. त्यांचे वय अडुसष्ट, दम्याचा जुना त्रास आणि वारीचे बारावे वर्ष. मला तीन दिवसांत बरे वाटले. मावशींना मात्र धाप लागू लागली, वैद्यकीय पथकातल्या डॉक्टरांनी त्यांना चालण्यास मनाई केली आणि त्यांची पुढची वाट दिंडीच्या ट्रकमध्ये बसून पार पडली. खुडूस फाट्यावर गोल रिंगण झाले तेव्हा त्या ट्रकमध्ये पांघरूण घेऊन पडल्या होत्या. त्या मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. परंतु टाळांचा आवाज ऐकू येताच त्यांनी पडल्यापडल्या हात जोडलेले मी पाहिले, आणि त्या वर्षी पंढरपूरला पोहोचूनही ते हात माझ्या मनातून गेले नाहीत.

ठाण्याला परतल्यावर मी नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांकडे गेले आणि पावसात भिजूनही सर्दी होऊ नये म्हणून काय करावे, असे त्यांना विचारले. त्यांनी आधी माझा प्रश्नच दुरुस्त केला. सर्दी पाऊस आणत नाही, ती माणूस आणतो. सर्दीचे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे असतात. ते खोकण्या-शिंकण्यातून उडणाऱ्या थेंबांतून आणि त्याहून गुपचूप अशा रीतीने हातांवरून पसरतात. ज्याला सर्दी आहे तो नाक पुसतो, त्याच हाताने वस्तू धरतो, ती वस्तू दुसरा धरतो आणि नकळत स्वतःच्या नाकाला किंवा डोळ्याला हात लावतो, की काम झाले. त्यानंतर साधारण एक ते तीन दिवसांत घसा खवखवू लागतो. भिजून अंग गारठले, झोप कमी झाली, पोटात पुरेसे अन्न नसले, की विषाणूला तोंड देण्याची शरीराची ताकद कमी पडते, म्हणून पावसाचाही त्यात वाटा आहे, पण तो दुय्यम आहे. मी मनात दिवस मोजले. लोणंदला घसा धरला, म्हणजे सासवड ते जेजुरी या टप्प्यात कुठेतरी मला लागण झाली होती, आणि सासवडचा मुक्काम दोन रात्रींचा असल्यामुळे तिथे भेटीगाठी सर्वांत जास्त झाल्या होत्या.

तेव्हापासून मी वारीकडे हातांच्या बाजूने पाहू लागले. वारकरी वारकऱ्याला भेटला की दोघेही एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात. लहान-मोठा, ओळखीचा-अनोळखी असा भेद तिथे नसतो. दिवसातून शंभर वेळा तरी आपले हात दुसऱ्याच्या पायांना आणि मग आपल्या कपाळाला लागतात. टाळांची जोडी एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. बुक्का एका बोटाने सगळ्यांना लावला जातो. चहा वाटणारा, केळी वाटणारा, राजगिऱ्याचा लाडू हातावर ठेवणारा, प्रत्येक जण प्रेमाने हात पुढे करतो आणि आपणही तो तसाच घेऊन तोंडात टाकतो. यांतले पाया पडणे मी सोडणार नाही, कोणी सांगितले तरी सोडणार नाही, कारण ते सोडले तर वारीला जायचे कशाला? पण पाया पडल्यानंतर हात नाकाकडे जाऊ न देणे आणि काहीही खाण्याआधी ते धुणे, एवढे माझ्या हातात होते.

दुसऱ्या वर्षीची तयारी मी एप्रिलमध्येच सुरू केली. सकाळी मासुंदा तलावाला फेऱ्या आणि रविवारी उपवनहून येऊरचा चढ, असा चालण्याचा सराव केला, कारण न सरावलेले शरीर पहिल्या दोन टप्प्यांतच थकते आणि थकलेल्या शरीराला आजार लवकर गाठतो. आळंदी ते पुणे आणि पुणे ते सासवड हे दोन्ही टप्पे तीस किलोमीटरच्या आसपासचे आहेत, आणि ते अगदी सुरुवातीलाच येतात. निघण्याच्या महिनाभर आधी मी फ्लूची लस घेतली आणि मावशींनाही त्यांच्या डॉक्टरांना विचारून ती घ्यायला लावली. ही लस साध्या सर्दीला रोखत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे; ती इन्फ्लुएन्झासाठी असते, तिचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि ती दर वर्षी घ्यावी लागते. आपल्याकडे फ्लूची साथ पावसाळ्यात जोर धरते आणि वयस्कर किंवा दम्याच्या माणसाला त्याचा धोका जास्त असतो, म्हणून वारीपूर्वीची वेळ योग्य ठरते. शेवटच्या आठवड्यात मी लोकलमध्ये मास्क लावून प्रवास केला. सकाळच्या ठाणे-दादर गर्दीत घेतलेली सर्दी आळंदीत नेऊन वाटायची नाही, एवढाच हेतू होता.

साबणाची कल्पना मात्र मावशींची. आमच्या दिंडीच्या ट्रकबरोबर पाण्याचा टँकर असतो, पण जेवणाच्या वेळी तिथे बादल्यांची रांग लागते आणि साबणाची वडी चिखलात पडते किंवा हरवते. मावशींनी घरून नायलॉनचा जुना मोजा आणला, त्यात साबणाची वडी घातली, तोंडाशी गाठ मारली आणि तो ट्रकच्या फाळक्याला सुतळीने टांगला. शेजारी तोटीचे एक निळे पिंप ठेवले. पिंपाखाली हात ओले करायचे, मोजा तसाच हातात धरून चोळायचा, की नायलॉनच्या जाळीतून भरपूर फेस येतो. वडी खाली पडत नाही, कोणी उचलून नेत नाही आणि वाऱ्यावर लगेच सुकते. हात किमान वीस सेकंद चोळावेत, असे डॉक्टरांनी सांगितले होते. घड्याळ कोण पाहणार? मावशींनी ‘रामकृष्णहरी’ सावकाश सात वेळा म्हणायचे ठरवून दिले. मग पंगतीआधी फाळक्यापाशी नामजपाचा एक बारीक गुंजारव ऐकू येऊ लागला आणि आजूबाजूच्या दिंड्यांतली माणसेही हात धुवायला येऊ लागली. सॅनिटायझरची बाटली माझ्या पिशवीत होतीच, पण हाताला चिखल लागलेला असला की तिचा फारसा उपयोग होत नाही, तिथे साबण-पाणीच हवे.

दिंडीप्रमुखांना हे पटवावे लागेल, अशी मला भीती होती. तशी वेळच आली नाही. 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी साथीमुळे पायी सोहळा झाला नव्हता आणि माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या. ती दोन वर्षे घरात बसून काढलेल्या माणसाला आजार कसा पसरतो हे वेगळे सांगावे लागत नाही. त्यांनी तांब्या बंद करून प्रत्येकाने स्वतःचा पेला गळ्यातल्या पिशवीत ठेवावा, असे पहिल्याच दिवशी सांगून टाकले.

दिवे घाटात आम्हाला पावसाने गाठले. एकादशी होती, उपवास होता, चढ चढताना अंगातून घामाच्या धारा वाहत होत्या आणि माथ्यावर पोहोचताच गार वारा सुटला. वारकरी पावसासाठी डोक्यावरून जो प्लास्टिकचा कागद घेतात, तो पाऊस अडवतो पण घाम आत कोंडतो, त्यामुळे आपण कोरडे आहोत असे वाटत असतानाच आतली चोळी ओलीचिंब झालेली असते. पहिल्या वर्षी मी तशाच ओल्या कपड्यांत सासवडला दोन तास ट्रकची वाट पाहिली होती, कारण सामान ट्रकमध्ये आणि ट्रक गर्दीत अडकलेला. या वेळी एक कोरडे लुगडे, पोलके आणि पंचा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मी स्वतःच्या खांद्यावर वाहिला. किलोभर वजन झाले, पण सासवडच्या अलीकडे एका घराच्या पडवीत कपडे बदलले, केस खसखसून पुसले आणि पायांच्या बोटांमधली जागा कोरडी केली. त्या पडवीतल्या माउलीने न मागता सुंठ घातलेला चहा दिला. सुंठेने विषाणू मरत नाहीत हे मला ठाऊक आहे, तरी गारठलेल्या अंगाला त्या वेळी त्याहून चांगले काही मिळाले नसते.

पाण्याविषयी थोडेच सांगते. पिण्याचे पाणी उकळलेले किंवा क्लोरीनचे थेंब टाकलेलेच घ्यायचे, उपवासाच्या दिवशीही ते कमी करायचे नाही, आणि जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट पीत राहायचे. नीरा स्नानाच्या दिवशी पायाला फोड फुटलेला असेल तर नदीत किंवा साचलेल्या पाण्यात उतरायचे नाही. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू जखमेतून शिरतात, हे ठाणे-मुंबईच्या माणसाला दर पावसाळ्यात ऐकून माहीत असते. मी काठावरूनच नमस्कार केला.

जेजुरीत माझ्या मनात एकदा शंका आली. भंडाऱ्याची उधळण झाली, हळदीने सगळे पिवळे झाले आणि मला शिंकांवर शिंका सुरू झाल्या. मावशी लांब सरकून बसल्या आणि मीही घाबरले. पण ताप नव्हता, अंग दुखत नव्हते, नाक व डोळे नुसते खाजत होते, आणि तोंड धुऊन नाक स्वच्छ पाण्याने शिंकरल्यावर तासाभरात सगळे थांबले. वारीत धूळ, धूर आणि भंडारा यांनी येणारी शिंक वेगळी आणि पडशाची शिंक वेगळी, हे तेव्हा कळले. तरीही शंका असेपर्यंत मी रुमाल तोंडावर धरून बाजूलाच बसले.

इतके करूनही तरडगावला आमच्या एका तरुण टाळकऱ्याला पडसे झालेच. त्याने लपवले नाही, सकाळी स्वतःहून येऊन सांगितले. त्याची पथारी तंबूच्या उघड्या कडेला, वारा खेळता राहील अशी हलवली, पेला व ताट वेगळे ठेवले, त्याचे टाळ पुसून बाजूला ठेवले आणि तो मास्क लावून दिंडीच्या शेवटी चालू लागला. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या, गरम आमटी-भात आणि दुपारच्या विसाव्याला पूर्ण झोप, याखेरीज त्याला फारसे काही दिले नाही. त्याच्याजवळ घरून आणलेले अँटिबायोटिकचे पाकीट होते. फिरत्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ते परत पिशवीत ठेवायला लावले, कारण सर्दी विषाणूंची असते आणि ती गोळी जिवाणूंवर चालते. तीन दिवसांहून अधिक ताप राहिला, धाप लागली किंवा छातीत दुखले तर मात्र एक पाऊलही न चालता यायचे, असे त्यांनी बजावले. तशी वेळ आली नाही. त्याच्यानंतर आणखी दोघांचे नाक वाहिले, आणि तिथेच ते थांबले.

रात्री नऊ वाजता कंदील मालवण्याचा नियम या वर्षी आम्ही बायकांनी पाळला. पहाटे तीनला उठायचे असल्यावर गप्पांत अकरा वाजवणे परवडत नाही, आणि झोप ही अशी गोष्ट आहे की तिच्याऐवजी दुसरे काही घेता येत नाही.

खुडूस फाट्यावर आम्ही दोघी रिंगणाच्या दोरीला लागून उभ्या राहिलो. पताकावाले धावले, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका धावल्या, विणेकरी धावले आणि मग स्वाराचा आणि त्याच्यामागून माउलींचा अश्व वाऱ्यासारखा समोरून गेला. मावशी माझा हात घट्ट धरून उभ्या होत्या. त्यांचा श्वास शांत होता. रिंगण संपताच सगळ्यांबरोबर त्याही वाकल्या, टापांखालची माती चिमटीत घेऊन त्यांनी ती कपाळाला लावली आणि उरलेली पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली. आमचा ट्रक शेताच्या बांधाशी लागला होता, पंगत बसण्याच्या बेतात होती. मावशी फाळक्यापाशी गेल्या, मोजा हातात घेतला आणि मला हाक मारली, “अगं, तोटी सोड जरा. भाकरी घ्यायची आहे.”