ईसीजी नॉर्मल आला, मग गोळी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न बहुतेक असाच असतो: 'रोज तळजाईची टेकडी चढतो, दम लागत नाही, ईसीजीही नॉर्मल आहे. मग कोलेस्टेरॉलची गोळी कशाला?'

ईसीजीत हृदयाच्या जुन्या झटक्याची खूण किंवा ठोक्यांतली गडबड दिसू शकते. रक्तवाहिनीत चरबीचा थर किती साचलाय, ते त्यात दिसत नाही. वाहिनी साधारण 70 टक्के अरुंद होईपर्यंत चढावरही बहुधा त्रास जाणवत नाही. आणि पुष्कळ झटके त्याहून लहान थरांमुळे येतात! थराचं पातळ आवरण फाटतं, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी मिनिटांत बंद होते. काल टेकडी चढलेल्या माणसाला आज झटका येतो, तो असा. कोलेस्टेरॉलची ही गोळी, म्हणजे स्टॅटिन, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) उतरवते, शिवाय हे आवरण घट्ट करते. रिपोर्ट चांगला आला म्हणून ती परस्पर बंद केली, की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा वर.

गोळी लागेल का, हे एका आकड्यावर ठरत नाही. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू (मशेरीसुद्धा), वडील-भावाला 55 च्या आत किंवा आई-बहिणीला 65 च्या आत झालेला हृदयविकार, हे सगळं एकत्र बघावं लागतं. पोटाचा घेर पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर वजन बेताचं असूनही धोका वाढतो. लायपोप्रोटीन-ए (रक्तातला एलडीएलसारखाच चरबीचा कण) आयुष्यात एकदा तपासलं तरी पुरतं. ते मुख्यतः आनुवंशिक असतं.

रक्तदाब मात्र लोक फार घाईत मोजतात. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीला. मिनिटभराने पुन्हा मोजा. हात लोंबता ठेवला तर आकडा उगाच जास्त येतो. घरी सरासरी 135/85 किंवा वर राहिली, तर डॉक्टरांना आकड्यांची वही दाखवा.

आणि छाती दाबल्यासारखी वाटली, जबडा किंवा हात दुखू लागला, दरदरून घाम फुटला, तर पित्त समजून थांबू नका. बायकांत आणि मधुमेहींत कधी नुसता दम लागतो. अशा वेळी पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी तो थोड्या वेळाने पुन्हा काढतात, रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) बघतात. स्वतः स्कूटर काढू नका, 108 ला फोन करा.